चिठ्ठीनंतरचा माणूस

पूर्वी दवाखान्यात जाताना घरून बाटली न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरी आणि बाहेरून कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही औषध किती घ्यायचं ते कळे. आजच्या चकचकीत स्ट्रिपवर अशी खाच नसते. ते काम मेडिकलच्या काउंटरमागच्या माणसाने बोलून करायचं असतं.

१९४८ साली फार्मसी कायदा आला, तेव्हा या विषयात शिकलेली माणसं थोडीच होती. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं शिक्षण १९३२ मध्ये सुरू केलं होतं, म्हणजे पुरती दोन दशकंही झाली नव्हती. म्हणून फार्मासिस्टांच्या पहिल्या नोंदवहीत निदान पाच वर्षं चिठ्ठीप्रमाणे औषधं करून देणाऱ्या कंपाउंडरांनाही जागा मिळाली. या पेशाची सुरुवात अशी हाताच्या सवयीतून झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी.फार्म. करता येतो. बी.फार्म. आहे, २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी.ही आहे. कुणी घरचं दुकान सांभाळायला शिकतं, कुणी डॉक्टरकी हुकली म्हणून इकडे वळतं. डिप्लोमानंतर ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, आणि १९९१ च्या नियमांनी त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यासाठी राखले होते. सगळ्या शिक्षणात मोलाचे तास हेच. गोळी कशी बनते ते वर्गात कळतं. समोरचा माणूस काय समजून घरी निघालाय, ते काउंटरवरच कळतं.

मेथोट्रेक्सेटचं घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जेवर घाला पडतो, जीवही जाऊ शकतो. "मावशी, फक्त सोमवारी. बाकीच्या दिवशी हात लावायचा नाही," एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं, पण ते सांगायला हवं हे कळण्यासाठी शिकलेलं असावं लागतं. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरा, इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवू नका, हेही तसंच. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी असं समजावून सांगणं फार्मासिस्टच्या कामातच घातलं.

ते करायचं मात्र कुठे? किरकोळ विक्रीच्या दुकानाला कायद्याने किमान १० चौरस मीटर जागा पुरते. त्यातच फ्रिज, कपाटं, बिलाचा संगणक. २०१४ पासून शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे जास्त कडक नियंत्रणाखालच्या औषधांची वेगळी वही आली: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. संध्याकाळी ओपीडी सुटली की चार-पाच चिठ्ठ्या एकदम पुढे येतात. गर्भनिरोधक गोळी मागायला आलेली मुलगी त्या गर्दीत काय विचारणार? तिच्यासाठी आडोशाचा एक कोपरा कायद्यानेच मागायला हवा होता.

पण कोपऱ्याआधी माणूस तरी हवा. भिंतीवरच्या फ्रेममध्ये एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच, हे दृश्य कुणाला नवं नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांविरुद्ध राज्यभर मोहीम झाली. विक्रेत्यांनी विरोध केला, पण 'दुकानात फार्मासिस्ट आहे का?' हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. काउंटरवरचा पोरगा मेहनती असतो, नावावरून स्ट्रिप झटकन काढतो. मेथोट्रेक्सेटही तो बरोबर काढील, सुटे पैसे मोजून परत करील, आणि मावशी सोमवारचं काहीच न ऐकता घरी जातील.