नव्या स्नोमोबाइलची खरी परीक्षा पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये

बर्फाच्छादित प्रदेशात स्नोमोबाइल हे केवळ क्रीडेचे साधन नाही. या वाहनाचा जन्मच एका दुःखद प्रसंगाशी जोडलेला आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील वालकूर येथील मेकॅनिक जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. बर्फाने रस्ते बंद झाल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. पुढे बोंबार्डिए यांनी बर्फावर धावणारी वाहने तयार केली आणि १९५९ मध्ये 'स्की-डू' ही छोटी गाडी बाजारात आणली. त्यामुळेच 'गाडी वळते कशी' आणि 'इंजिन दगा तर देणार नाही ना' हे दोन प्रश्न नव्या गाडीच्या मालकाला सर्वाधिक महत्त्वाचे वाटतात.

वळणाबाबत नव्या मालकांच्या मुख्यतः दोन तक्रारी असतात. पहिली, हँडल वळवूनही गाडी सरळच जाते. पुढच्या दोन स्कींवर पुरेसा भार नसला, की असे घडते. मागच्या सस्पेन्शनमधील आवळपट्टा थोडा कमी केल्यास स्कींवरील भार वाढतो. दुसरी तक्रार म्हणजे गाडी आपोआप डावी-उजवीकडे ओढली जाते. आधीच्या गाड्यांनी बर्फात पाडलेल्या चऱ्यांत स्कीखालच्या धातूच्या पट्ट्या अडकतात, हे त्याचे कारण. पट्ट्या बदलणे आणि दोन्ही स्की समांतर करून घेणे, हा त्यावरील उपाय. म्हणजेच दोष बहुधा गाडीत नसतो, तर जुळणीत असतो. नवा रबरी ट्रॅकही सुरुवातीला ताणला जातो. त्यामुळे त्याचा ताण पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

इंजिनाचे गणित अधिक नाजूक आहे. वजनाने हलकी असल्याने टू-स्ट्रोक इंजिने आजही लोकप्रिय आहेत. मात्र कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करताच वेग वाढवला, तर अॅल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर प्रसरण पावतो आणि आतच अडकून बसतो. इंजिन आधी गरम होऊ द्यावे, असे जाणकार सांगतात ते यासाठीच. साधारणतः पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत सतत पूर्ण वेगाने गाडी चालवणेही टाळले जाते.

या वाहनाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याला चालण्यासाठी बर्फाचीच गरज असते. ट्रॅकने उडवलेला भुसभुशीत बर्फ इंजिनातील गरम द्रव थंड करतो आणि ट्रॅकखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वंगणासारखा उपयोगी पडतो. कठीण, गुळगुळीत बर्फावर हा पुरवठा तुटतो; इंजिन तापते, पट्ट्या झिजतात. अशा वेळी बर्फ खरवडणारे आकडे खाली सोडले जातात.

फोर-स्ट्रोक इंजिन इंधन कमी खाते आणि टिकाऊ मानले जाते. पण ते जड असल्याने खोल बर्फात गाडी रुतते. अशा इंजिनांसाठी नावाजलेल्या यामाहाने २०२३ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली. त्यामुळे गाडी घेताना सुटे भाग आणि दुरुस्ती यांची खात्री करून घेणे आता अधिकच अगत्याचे ठरले आहे.

गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही या गाडीची ओळख आहे. सुमारे २,६५० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने तेथे इंजिनाची शक्ती घटते. फेरफटक्यापुरती ती उणीव जाणवत नाही. परंतु वस्तीपासून दूर, उणे तीस अंशांत इंजिन बंद पडले, तर प्रश्न जिवाचा होतो. म्हणूनच अनुभवी मालक नव्या गाडीवरही एकटे निघत नाहीत, आणि इंजिनाची शक्ती ट्रॅकपर्यंत पोहोचवणारा जादा पट्टा व ओढण्याचा दोर बरोबर घेतल्याशिवाय वस्ती सोडत नाहीत.