ट्रॅक्टरचा लाल दिवा लागला आणि ओढ कमी झाली तर



सोयाबीन निघाले की हिवरा आश्रम, मेहकर भागात हरभऱ्याची घाई सुरू होते. रानातली ओल उडायच्या आत पेरणी साधायची असते. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर रोटाव्हेटरखाली दम टाकतो आणि समोर लाल दिवा दिसतो. "एवढे दोन तास मारून घेऊ, मग पाहू," असे आपण म्हणतो. पण दोन तास चालू शकेल असा दिवा वेगळा आणि दोन मिनिटेही चालणार नाही असा दिवा वेगळा.

ऑईलच्या झारीचे चित्र असलेला दिवा लागला, तर इंजिन तिथेच बंद करा. बांधापर्यंतही नेऊ नका. ऑईलचा दाब गेला की क्रँकचे बेअरिंग कोरडे घासते आणि थोड्या वेळात इंजिन जाम होते. मग काम हजारांचे होते अन् हंगामही जातो. ट्रॅक्टर सपाटीवर असेल तर दहा मिनिटे थांबून ऑईलपट्टी पाहा. कमी असेल तर भरा आणि कुठून गळते ते शोधा. ऑईल वाढलेले दिसले, डिझेलचा वास आला किंवा ते दुधाळ झाले असेल, तर इंजिन सुरूच करू नका. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर मिस्त्रीकडून दाब मोजून घ्या. "वायरच खराब असेल" असे घरच्या घरी ठरवू नये.

बॅटरीचा दिवा लागला तर आधी फॅन बेल्ट पाहा. पुष्कळ ट्रॅक्टरांत डायनॅमो आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असेल तर पाणी फिरत नाही. इंजिन लगेच बंद करा. बेल्ट शाबूत असेल, तर जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचे इंजिन चालत राहते. हातातले काम उरकता येते. मध्ये बंद केले तर पुन्हा स्टार्ट होईलच असे नाही.

काटा तापून लाल पट्ट्यात गेला आणि बेल्ट चांगला असेल, तर ओझे काढून इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवा, मग बंद करा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने तोंड भाजते. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवर सोयाबीनचे कुटार बसते. इंजिन थंड झाल्यावर ते साफ करा.

एक गोष्ट आजच करा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा. ऑईल आणि बॅटरीचे दिवे लागले पाहिजेत, इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. लागतच नसतील तर बल्ब गेला आहे, आणि तुमचा ट्रॅक्टर मुका आहे.

आता दिवा नाही, पण ओढ नाही. विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून महाप्रसाद वाढतात. तिथे सावकाश चालताना जो ट्रॅक्टर कुरकुरत नाही, तोच रोटाव्हेटरला बसतो. कारण ओझे आल्यावर डिझेल जास्त लागते आणि तुंबलेल्या फिल्टरमधून तेवढे येत नाही. धूर न वाढता इंजिन हळूहळू बसत असेल, तर आधी टाकीचे झाकण सैल करून पाहा. फुस्स आवाज होऊन ओढ परत आली, तर झाकणाचे भोक चिखलाने बुजले आहे. फुकटचा इलाज! नाहीतर फिल्टरच्या तळाचे पाणी काढा, फिल्टर बदला. बदलल्यावर फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारा; बुडबुडे थांबले की आवळा.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा ओझे जास्त. नांगर थोडा वर घ्या, गिअर उतरवा, एअर क्लीनर उघडा. वाटीतल्या ऑईलचा गाळ झाला असेल तर बदला. निळा धूर ऑईल जळत असल्याचा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर मिस्त्रीला दाखवा. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवू नका. धूर वाढेल, ओढ नाही.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एच.पी.वरील ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्यांतल्या पुष्कळ इंजिनांवर संगणकाची नजर असते. पिवळा इंजिन-दिवा लागला की हे इंजिन स्वतःच ताकद आखडते. त्याच्या डिझेलच्या नळ्या चालू इंजिनावर सैल करू नका. फवारा इतक्या दाबाचा असतो की कातडीत घुसतो. मिस्त्रीला फोन करताना दिव्याचा रंग, चित्र, धुराचा रंग आणि त्या वेळी कोणते अवजार जोडले होते ते सांगा.