इंटरेस्टिंग की इंटरेस्टेड? इंग्रजी विशेषणं, परभणीच्या हिशोबाने

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या इअरफोनचा एकच कान चालू आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सुरुवात माझ्या फजितीने. बी.टेक.चं शेवटचं वर्ष, कॅम्पस इंटरव्ह्यू. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमवाला. पाठ करून गेलेलं वाक्य ठोकलं, "आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन जावा." समोरच्या मॅडम हसून म्हणाल्या, "इंटरेस्टिंग ऑर इंटरेस्टेड?" मला प्रश्नच कळला नाही. पुढे लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली. ती मी झोपेतही केली असती, पण डोकं त्या एका शब्दात अडकून बसलं. नोकरी हुकली.

गंमत म्हणजे, व्याकरण मला येत होतं! आठ पार्ट्स ऑफ स्पीच, त्यांच्या व्याख्या, सगळं तोंडपाठ. मग चुकलं कुठं?

आठ खाने आले कुठून?

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. शाळेत आपण हे मराठीतही शिकलो आणि इंग्रजीतही. पण ही आठाची वाटणी मुळात आपली नाही. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे चारच प्रकार आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आठ खान्यांची पद्धत ग्रीक आणि लॅटिन व्याकरणातून इंग्रजीत आली. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता.

त्यामुळे दोन्ही भाषांच्या पुस्तकांत खाने जवळपास सारखे दिसतात. आपल्याला वाटतं, आतला कारभारही सारखाच असेल. तिथंच फसतो आपण.

जगात जर्मनी, भारतात परभणी

ही आपली म्हण व्याकरणातही खरी आहे, बरं का! मराठीत बघा: चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोरगं. पुढे प्रत्यय आला की चांगल्या मुलाला. विशेषण नामाच्या मागे मागे बदलत जातं. (सगळी नाही बदलत. हुशार, सुंदर तशीच राहतात. 'आ'वर संपणारी बहुतेक बदलतात.) जर्मनमध्येही तीन लिंगं आणि विशेषणाला शेपूट: गुटर मान, गुटे फ्राउ, गुटेस किंट. म्हणजे चांगला माणूस, चांगली बाई, चांगलं मूल.

इंग्रजीतही फार पूर्वी अशा शेपट्या होत्या. हळूहळू त्या गळून पडल्या. आज गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज, सगळीकडे गुड तो गुडच. ऐकायला सोपं वाटतं. पण शेपटी जे काम करायची, ते आता दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. ते काम करते शब्दाची जागा.

'कुत्र्याने माणसाला चावलं' आणि 'माणसाला कुत्र्याने चावलं', आपल्याकडे अर्थ तोच. इंग्रजीत 'डॉग' आणि 'मॅन' यांच्या जागा बदला, म्हणजे माणूसच कुत्र्याला चावतो.

म्हणजे इंग्रजीत शब्दाची जात बऱ्याचदा सीटवरून ठरते. जो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, तो ड्रायव्हर. 'राउंड' हा एकच शब्द घ्या. 'राउंड टेबल'मध्ये विशेषण, 'फर्स्ट राउंड'मध्ये नाम, 'राउंड द कॉर्नर'मध्ये शब्दयोगी. आपल्या फोनमधला 'लाईक' बघा: 'आय लाईक इट'मध्ये क्रियापद, 'फिफ्टी लाईक्स'मध्ये नाम, 'सिंग लाईक हर'मध्ये शब्दयोगी. म्हणून "लाईकची जात कोणती?" हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या वाक्यात, ते आधी सांगा.

विशेषण ओळखायचं कसं?

विशेषणाच्या मुख्य सीटा दोन. एक, नामाच्या आधी: 'न्यू फोन'. दुसरी, इज, लुक, फील, सीम अशा क्रियापदांच्या नंतर: 'द फोन इज न्यू', 'शी लुक्स हॅपी'. इथे 'हॅपिली' येत नाही, कारण आपण ती कशी बघते ते सांगत नाही, ती कशी दिसते ते सांगतोय.

शंका आली तर पुढे 'व्हेरी' लावून बघा. 'व्हेरी न्यू फोन' चालतं. आता 'कॉटन मार्केट' घ्या. 'कॉटन' बसलाय विशेषणाच्या सीटवर, पण 'व्हेरी कॉटन मार्केट' म्हणता येत नाही. म्हणजे तो नामच आहे, फक्त दुसऱ्या नामाला मदत करतोय. मराठीत अशा ठिकाणी आपण बऱ्याचदा शब्दाचं रूपच बदलतो: कापसाचा बाजार, सुती शर्ट. ही टेस्ट शंभर टक्के नाही ('मेन रोड'मधलं 'मेन' विशेषण असूनही 'व्हेरी' घेत नाही), पण बहुतेक वेळा काम भागतं.

आपण हमखास चुकतो ती जागा

'तो चांगला खेळतो.' 'ती चांगली गाते.' इथे 'चांगला' आणि 'चांगली' खेळण्याबद्दल, गाण्याबद्दल सांगतायत, पण रूप विशेषणाचंच. जर्मनमध्येही 'गुट' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत मात्र शब्द बदलतो: 'ही इज अ गुड प्लेयर', पण 'ही प्लेज वेल'. आपण 'ही प्लेज गुड' म्हणतो, कारण डोक्यात मराठी बरोबर चाललेली असते. तुम्ही मठ्ठ आहात असं अजिबात नाही.

सगळीकडे 'ली' लावून सुटका होईल, असंही समजू नका. 'आय वर्क हार्ड' म्हणजे मी मेहनत करतो. 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही. रेझ्युमेत एवढं तपासाच राव!

आता माझा तो शब्द

मॅडमचा प्रश्न मला मराठीतूनच उमगला, पण दोन वर्षांनी. आपल्याकडे दोन रूपं आहेत: दमवणारा आणि दमलेला. प्रवास दमवणारा असतो, माणूस दमलेला असतो. 'टायरिंग' म्हणजे दमवणारा, 'टायर्ड' म्हणजे दमलेला. तसंच 'बोअरिंग' म्हणजे कंटाळवाणा, 'बोअर्ड' म्हणजे कंटाळलेला. जो भावना निर्माण करतो त्याला 'इंग', ज्याला ती होते त्याला 'एड'.

म्हणजे 'आय ॲम बोअर्ड' म्हटलं तर मला कंटाळा आलाय. 'आय ॲम बोअरिंग' म्हटलं तर माझा लोकांना कंटाळा येतो. आणि मी त्या दिवशी जावाला सोडून स्वतःचीच तारीफ करत होतो!

हे गणित शाळेत कुणी असं मांडलं असतं तर? आम्हाला मराठी बाहेर ठेवून इंग्रजी बोला असं सांगितलं जायचं. पण उत्तर मराठीतच होतं. गरज होती ती दोन्ही भाषा शेजारी ठेवून बघण्याची. आता इंग्रजी मेल लिहिताना अडलो, की आधी मराठीत विचारतो: 'णारा' की 'लेला'?

तुमच्यासाठी गृहपाठ. फोन उघडा. शेअर, सेव्ह, डाउनलोड, ब्लॉक, यातला कोणताही शब्द घ्या. तो एकदा नाम आणि एकदा क्रियापद म्हणून वापरून दोन वाक्यं करा, मोठ्याने म्हणा. आणि येत्या आठवड्यात कुणाचा इंटरव्ह्यू असेल, तर एक लक्षात ठेवा: एक शब्द चुकला तर चुकू द्या, हसा, दुरुस्त करा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. मी तेवढंच केलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात.