चार्जरची पिन कुणी ठरवायची?

 

आजचा विषय तुमच्या घरातच सापडेल. प्रत्येक घरात एक खण असतो, त्यात जुने चार्जर वेटोळं करून ठेवलेले असतात. नोकियाची बारीक पिन, नंतरची मायक्रो यूएसबी, आयफोनची लाइटनिंग आणि आता टाइप-सी. फोन केव्हाच गेले, चार्जर मात्र राहिले. टाकवत नाहीत आणि उपयोगीही पडत नाहीत. हा खण का भरला आणि तो रिकामा करायला काय करावं लागलं, ते आज बघू.

२०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये केन पिलोनेल नावाचा एक तरुण लोझान शहरातल्या ईपीएफएल या संस्थेत रोबोटिक्स शिकत होता. त्याने एक आयफोन एक्स घेतला आणि त्याचं लाइटनिंगचं तोंड काढून तिथे टाइप-सी बसवलं. जगातला पहिला टाइप-सी आयफोन असं त्याचं नाव झालं. तो फोन चार्ज व्हायचा आणि त्याच तारेतून माहितीही जायची-यायची.

ऐकायला सोपं वाटतं, पण नुसतं भोक मोठं करून भागत नाही. लाइटनिंगच्या तारेत एक छोटी चिप असते. फोन आणि चिप यांची ओळख पटली की मगच काम सुरू होतं. आपल्याकडे चौकीवर परवलीचा शब्द विचारतात, तसंच समजा. पिलोनेलला आधी ही बोली उलगडावी लागली. मग ते सगळं सर्किट फोनच्या आत मावेल इतक्या बारीक, लवचीक पट्टीवर बसवावं लागलं आणि शेवटी धातूची चौकट कोरून तोंड रुंद करावं लागलं. कित्येक महिन्यांचं काम होतं. विशेष म्हणजे त्याने ती रचना दडवली नाही, सर्वांसाठी खुली केली.

फोन लिलावात ठेवला तेव्हा बोली ८६,००१ डॉलरवर गेली, म्हणजे त्या वेळचे सुमारे ६४ लाख रुपये. अट अशी की फोन उघडायचा नाही, सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही आणि रोजच्या वापरात घ्यायचा नाही.

लोकांच्या प्रतिक्रिया तीन तऱ्हेच्या होत्या. काही म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, सरळ अँड्रॉइड घ्या. काहींना बोलीचा आकडा बघून हसू आलं. तिसऱ्या गटाने मात्र नेमका प्रश्न विचारला. एका विद्यार्थ्याला घरी जमतं, तर कंपनीला का जमत नाही?

उत्तर असं की जमत होतं, करायचं नव्हतं. न्यायाने बोलायचं तर २०१२ साली लाइटनिंग आली तेव्हा ती खरोखर चांगली होती. मायक्रो यूएसबी एकाच बाजूने बसायची, लाइटनिंग कशीही बसायची. टाइप-सी तर २०१४ साली आली. पण त्या चिपमुळे दुसऱ्या कंपन्यांना अधिकृत तार बनवायची तर ॲपलचा परवाना घ्यावा लागे. म्हणजे पिनची किल्ली एकाच हातात राहिली.

फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते. आमच्या काळात एसएलआर आणि एलएमजी या दोन्हींना एकच काडतूस चालायचं. सेक्शनमध्ये एकाची गोळी दुसऱ्याच्या कामी यायची. ज्या सैन्यात प्रत्येक हत्याराला वेगळी गोळी लागते, त्याची अर्धी ताकद पुरवठ्यातच जाते. एकसारखेपणा दिसायला नीरस असतो, पण अडचणीच्या वेळी तोच तारून नेतो.

युरोपने हाच विचार केला. आधी, २००९ साली, कंपन्यांनी स्वखुशीने एक चार्जर मान्य करावा असा करार झाला, पण पळवाटा राहिल्या. मग सप्टेंबर २०२१ मध्ये कायद्याचा प्रस्ताव आला. ॲपलचं म्हणणं होतं की सक्तीमुळे नवे शोध खुंटतील आणि जुन्या तारा कचऱ्यात जातील. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. म्हणूनच तंत्रज्ञान पुढे गेलं तर नियम बदलण्याची सोय कायद्यात ठेवली. ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपीय संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा मंजूर झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकला जाणारा नवा फोन टाइप-सीचाच हवा. शिवाय चार्जरशिवाय फोन घेण्याचा पर्यायही ग्राहकाला हवा. ॲपलने मुदतीची वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊनच आला.

आता एक सावधगिरी. तोंड सारखं म्हणजे सगळं सारखं नव्हे. एसएलआरही ७.६२ आणि एके-४७ ही ७.६२. पण एकाचं काडतूस ५१ मिलिमीटर लांब, दुसऱ्याचं ३९. आकड्यावर विसंबून कुणी गोळी उचलली तर ती चालणार नाही. टाइप-सीचंही तसंच. साध्या आयफोन १५ मध्ये माहितीचा वेग जुन्या यूएसबी २ इतकाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. त्याच्याच प्रो भावंडात १० गिगाबिट, तेही तार त्या दर्जाची असेल तरच. लॅपटॉपला ६० वॉटच्या वर वीज द्यायची तर तारेत ओळख सांगणारी चिप लागते. म्हणून तार घेताना वॉट आणि वेग दोन्ही वाचा. फूटपाथवरची स्वस्त तार पिनमध्ये बसेल, पण काम देईलच असं नाही.

आपल्या देशाचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याच्या बैठकीत फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीवर सहमती झाली. पाठोपाठ भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. पण मानक काढणं वेगळं आणि ते सक्तीचं करणं वेगळं. हा फरक ग्राहकाने लक्षात ठेवावा.

त्या पिलोनेलच्या फोनने कायदा बदलला असं मी म्हणणार नाही. प्रस्ताव आधीच आला होता. त्याने एवढंच दाखवलं की 'होत नाही' आणि 'करायचं नाही' यांत अंतर असतं. आपण विकत घेतलेली वस्तू आपली असेल, तर ती उघडून बघण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्कही आपलाच हवा.

या रविवारी तो खण उघडा. चालणारे चार्जर गरजूला द्या, बाकीचे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. भंगारवाल्याला नको, तांब्यासाठी तारा जाळल्या की तो धूर आपल्याच नाकात येतो. आणि पुढचा फोन घेताना दुकानदाराला आधी विचारा, घरचा चार्जर याला चालेल का?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.