यंत्राच्या नजरेसमोर बसताना

खोलीच्या मधोमध एक खुर्ची. तिच्यासमोर शाळेतले जुने बाक मांडलेले. प्रत्येक बाकाला एक यांत्रिक हात बसवलेला, हातात साधं बॉलपेन आणि शेजारी छोटा कॅमेरा. प्रेक्षकांपैकी एक जण खुर्चीत येऊन बसतो. कॅमेरे त्याच्याकडे वळतात, मग कागदाकडे झुकतात, पुन्हा वर पाहतात. पेनं कागदावर फिरू लागतात. सुमारे अर्ध्या तासात त्याची अनेक व्यक्तिचित्रं तयार होतात, प्रत्येक निराळं.

हा प्रयोग फ्रेंच कलावंत पॅट्रिक ट्रेसे यांचा. ट्रेसे मूळचे चित्रकार. पण एक वेळ अशी आली, की चित्र काढण्यातली त्यांची गोडीच संपली. ते संगणकाकडे वळले. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात, माणूस समोरचा चेहरा कागदावर कसा उतरवतो, याचा अभ्यास त्यांनी सुरू केला. त्यातून तयार झालेला 'पॉल' हा यंत्रमानव २०११ मध्ये लोकांसमोर आला.

पॉल काम कसं करतो? कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात तो आधी चेहरा शोधतो. मग उजेड आणि सावली जिथे एकमेकांना भिडतात, त्या जागांवरून नाक, डोळे, ओठ यांच्या ठळक रेषा ठरवतो. त्या काढून झाल्या, की बारीक रेघोट्यांनी छाया भरतो. त्याची रेषा काहीशी थरथरते, म्हणूनच ती हाताने काढल्यासारखी वाटते.

आता यातली गंमत ऐका. चेहऱ्याचं चित्र पॉलने सुरुवातीलाच टिपून घेतलेलं असतं. नंतर वारंवार कागदाकडे झुकणारी ती नजर हा निव्वळ अभिनय असतो. कागदावर काय उमटलं, हे तो पाहतच नाही!

असा अभिनय नवा नाही. स्वित्झर्लंडमधल्या जाके-द्रो या घड्याळजी पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह घडवलेला यांत्रिक 'चित्रकार' मुलगा १७७४ मध्ये लोकांपुढे आला. तो आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचं चित्र काढता काढता तो कागदावरची पेन्सिलीची भुकटी फुंकरीने उडवतो. पाहणाऱ्याला तो जिवंत वाटतो, तो त्या फुंकरीमुळे. पण त्याची चित्रं ठरलेली चारच. समोर कोण उभं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पॉलपुढे मात्र जो बसेल, त्याचंच चित्र निघतं.

मग ही फसवणूक म्हणायची का? मला तसं वाटत नाही. कारण ट्रेसे यांनी हे गुपित ठेवलेलं नाही. अभ्यासलेखात ते स्वतःच सांगितलं आहे. आणि प्रयोगाचा खरा विषय यंत्र नाहीच, खुर्चीतला माणूस आहे. एरवी आपला फोटो क्षणात निघतो आणि आपण चालू लागतो. इथे मात्र तोच माणूस अर्धा तास न हलता बसतो, मान सरळ ठेवतो, थोडा संकोचतोही. इतका वेळ आपल्याकडे एकटक कोण पाहतं? यंत्राची नजर खोटी असेल. तिच्यापुढे वाटणारा संकोच मात्र अगदी खरा असतो.