प्रश्नकर्त्याचे दायित्व : पॉडकास्ट-संभाषण आणि भाषणस्वातंत्र्य

१

‘पॉडकास्ट’ हा शब्द बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ या वृत्तपत्रातील एका लेखात योजिला. ‘आयपॉड’ हे एका ध्वनियंत्राचे व्यापारी नाव आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रसारण, यांच्या संयोगाने तो सिद्ध झाला. त्या यंत्राचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. शब्द मात्र टिकला. आज त्या नावाने ओळखला जाणारा एक अत्यंत लोकप्रिय प्रकार म्हणजे एक यजमान आणि त्याचा पाहुणा यांचे दोन-दोन, तीन-तीन तास चालणारे अलिखित संभाषण. लशीच्या परिणामांपासून दुसऱ्या महायुद्धाच्या कारणांपर्यंत कोणताही विषय त्यात येतो, आणि लक्षावधी श्रोते तो प्रवासात, स्वयंपाकघरात, एकान्तात ऐकतात.

यांपैकी काही यजमानांभोवती गेल्या काही वर्षांत मोठा वाद उभा राहिला आहे. हा वाद बहुधा परवानगीचा वाद म्हणून लढविला जातो : अमुक माणसाला बोलू द्यावे की देऊ नये? एक पक्ष स्वातंत्र्याचा पुकारा करतो, दुसरा जबाबदारीचा. आणि दोन्ही पक्ष जणू एकाच तराजूच्या दोन पारड्यांविषयी बोलत आहेत असा समज होतो. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्याआधीचा एक प्रश्न विचारावा लागतो. संभाषणात उच्चारलेले विधान कोणाचे असते, त्याचे दायित्व कोणाकडे जाते, आणि जो केवळ प्रश्न विचारतो तो त्या दायित्वातून मुक्त होतो काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

२

प्रथम काही घटना ध्यानात घेणे इष्ट होईल. अमेरिकेतील जो रोगन यांचा कार्यक्रम २००९ च्या डिसेंबरात सुरू झाला. २०२० मध्ये ‘स्पॉटिफाय’ या कंपनीने त्याच्या प्रसारणाचे एकाधिकार मिळविले. एप्रिल २०२१ मध्ये निरोगी तरुणांना करोनाची लस घेण्याची गरज नाही, असे मत रोगन यांनी व्यक्त केले; टीका होताच आपण वैद्य नाही आणि विश्वसनीय माहितीचे साधनही नाही, असा खुलासा त्यांनी केला. ३१ डिसेंबर २०२१ रोजी लसविषयक धोरणाचे टीकाकार रॉबर्ट मलोन यांची मुलाखत प्रसारित झाली. तिच्यासंबंधात वैद्यक व विज्ञान या क्षेत्रांतील सुमारे २७० व्यक्तींनी ‘स्पॉटिफाय’ला अनावृत पत्र लिहिले. जानेवारी २०२२ मध्ये गायक नील यंग यांनी निषेध म्हणून आपली गाणी तेथून काढून घेतली; त्यांच्यामागून जोनी मिचेल यांनीही तेच केले. यावर कंपनीने करोनाविषयक चर्चेच्या भागांना सूचनापट्टी जोडण्याचे ठरविले, आणि वादग्रस्त पाहुण्यानंतर भिन्न मताचे तज्ज्ञ बोलाविण्याचा प्रयत्न करू, असे रोगन यांनी सांगितले.

दुसरे प्रकरण इतिहासासंबंधीचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये टकर कार्लसन यांनी डॅरिल कूपर या पॉडकास्टकाराची मुलाखत घेतली. तीत चर्चिल हेच दुसऱ्या महायुद्धातील प्रमुख खलपुरुष होत, अशा आशयाचे प्रतिपादन कूपर यांनी केले. पुढे मार्च २०२५ मध्ये कूपर रोगन यांचेही पाहुणे झाले. एप्रिल २०२५ मध्ये रोगन यांच्याच कार्यक्रमात लेखक डग्लस मरी आणि विनोदकार डेव्ह स्मिथ यांची खडाजंगी झाली. मरी यांचा आक्षेप असा की, ज्यांना विषयाचा अभ्यास नाही अशांना पुनःपुन्हा व्यासपीठ मिळते, आणि ‘आम्ही केवळ प्रश्न उपस्थित करतो’ ही सबब एका मर्यादेपुढे टिकत नाही. तो माणूस प्रश्न विचारत नसून लोकांना काहीतरी सांगत असतो. स्मिथ यांचे उत्तर असे की, आपण तज्ज्ञ असल्याचा दावाच केलेला नाही, आणि मत देण्यास तज्ज्ञपणाचा परवाना लागत नाही. या वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य आहे; परंतु ते वेगळे करून पाहण्यास भाषाशास्त्राचे साहाय्य घ्यावे लागते.

३

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे म्हणजे केवळ वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे, तर बोलणे ही एक कृती आहे, हा त्यांचा सिद्धान्त आता सर्वपरिचित आहे. या दृष्टीने पाहता प्रश्न हीसुद्धा एक कृती ठरते. आणि वाक्याचे व्याकरणिक रूप व त्याने घडणारी कृती यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. ‘दार लावतोस का?’ हे रूपाने प्रश्नार्थक, कृतीने विनंती. ‘याला काय अर्थ आहे?’ हे रूपाने प्रश्नार्थक, कृतीने निषेध.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्नाच्या पोटात दडलेले पूर्वगृहीत. ‘सरकारने ही गोष्ट लपविली का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देता येते. परंतु ‘सरकार ही गोष्ट का लपवीत आहे?’ असे विचारताच लपविण्याची क्रिया सिद्ध मानली जाते, आणि चर्चा केवळ हेतूची उरते. एकच ‘का’ वाक्याच्या शेवटाहून क्रियापदाआधी आला आणि शंकेचे आरोपात रूपान्तर झाले. उत्तर देणाऱ्याने त्या पूर्वगृहीताला हात घातला नाही, तर तेच श्रोत्याच्या मनात तथ्य म्हणून स्थिर होते. तेव्हा ‘मी काहीच म्हटले नाही, फक्त विचारले’ हे म्हणणे व्याकरणाच्या दृष्टीने खरे असले, तरी व्यवहाराच्या दृष्टीने खरे नसते.

मराठीत दायित्व झटकण्याची एक सुटसुटीत सोय आहे, ती म्हणजे ‘म्हणे’ हे अव्यय. ‘त्यांनी पैसे खाल्ले’ आणि ‘त्यांनी म्हणे पैसे खाल्ले’ या वाक्यांत मजकूर तोच. पण दुसऱ्यात बोलणारा स्वतःला बाजूला काढून घेतो. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचेच आहे. मात्र ‘म्हणे’ने वक्त्याचे दायित्व कमी झाले, तरी ज्याच्याविषयी ते बोलले गेले त्याची हानी तेवढ्याने कमी होत नाही. ज्या गावात शंभर माणसे ‘म्हणे’ लावून एकच गोष्ट सांगतात, तेथे काही दिवसांनी ‘म्हणे’ गळून पडते. यजमानाचा ‘मी तज्ज्ञ नाही, पण...’ हा उपोद्घात याच जातीचा होय.

४

पाहुणा बोलत असता यजमान काय करतो, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो. हुंकार थांबला की गोष्ट अडखळते. संभाषणातील हा हुंकार केवळ ‘ऐकतो आहे’ एवढेच सुचवितो. परंतु ‘हं’, ‘असं?’, ‘अगदी बरोबर’, ‘हे तर भयंकरच आहे’ अशी एक चढती श्रेणी आहे, आणि तिच्या वरच्या पायरीवर हुंकाराची झील होते. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी नवे काही सांगत नाही. पण त्याच्या साथीने शाहिराचे शब्द ठसतात. ‘झील ओढणे’ या वाक्प्रचाराला मराठीत जो उपरोध चिकटला आहे, तो भाषेच्या सहज शहाणपणाचा पुरावाच मानावा लागेल.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात वक्ता या एकाच कल्पनेचे तीन भाग पाडले. ज्याच्या मुखातून शब्द निघतात तो उच्चारक, ज्याने शब्द जुळविले तो रचयिता, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांनी बांधली जाते त्याला प्रतिज्ञाता म्हणता येईल. वृत्तनिवेदक हा केवळ उच्चारक असतो. पॉडकास्टमध्ये मात्र यजमान क्षणोक्षणी स्थान बदलतो : आता जिज्ञासू, आता समर्थक, आता विनोद करणारा मित्र. आक्षेप आला की तो यांतील सर्वांत हलक्या भूमिकेत शिरतो. पाहुण्याकडे बोट दाखविता येते; पाहुणा म्हणतो की, या तर मित्रांमधल्या गप्पा होत्या; आणि प्रसारक कंपनी म्हणते की, आम्ही प्रकाशक नव्हेत. ‘स्पॉटिफाय’चे प्रमुख डॅनियल एक यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच आशयाची भूमिका घेतली होती. परिणाम असा की, विधान लक्षावधींपर्यंत पोहोचते, परंतु त्याचा प्रतिज्ञाता सापडत नाही. या प्रकारातील खरी अडचण येथे आहे.

५

मग मरी म्हणतात त्याप्रमाणे तज्ज्ञांनाच बोलू द्यावे काय? भारतीय न्यायदर्शनाने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. शब्द हे प्रमाण केव्हा ठरते? तो आप्ताचा असेल तेव्हा. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसेच सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा मनुष्य. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना हे लक्षण सारखेच लागू पडते. अर्थात आप्तत्व हे पदवीवर अवलंबून नाही, आणि या मर्यादेत स्मिथ यांचे म्हणणे ग्राह्य आहे. पण ज्ञान आणि यथार्थ कथनाची इच्छा यांपैकी एकही अट आवाजाच्या आत्मविश्वासाने पुरी होत नाही, आणि या मर्यादेत मरी यांचे म्हणणे ग्राह्य आहे.

पॉडकास्टमध्ये हे आप्तत्व बहाल करतो तो यजमान. कार्लसन यांनी कूपर यांची ओळख देशातील बहुधा सर्वोत्तम लोकप्रिय इतिहासकार अशा शब्दांत करून दिली होती. अशी ओळख करून देणे हा प्रश्न नव्हे. ते प्रमाणपत्र आहे, आणि त्यावरील सही यजमानाची असते.

६

कायद्याची कक्षा यापेक्षा बरीच अरुंद आहे, आणि ती तशी असणेच योग्य होय. अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्य संरक्षिले. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, तात्काळ बेकायदेशीर कृत्य घडविण्याच्या हेतूने केलेली आणि ते घडण्याचा संभव असलेली चिथावणीच तेवढी दंडनीय मानता येईल. भारतात राज्यघटनेच्या १९(१)(अ) अनुच्छेदाने हा हक्क दिला आणि १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंधांना वाव ठेवला. २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला, आणि केवळ तिसरीपाशीच निर्बंधाचा अधिकार सुरू होतो, असे सांगितले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत या तीन भिन्न भाषिक कृतीच होत.

तथापि प्रश्नाचे रूप कायद्यापुढेही नेहमी ढाल ठरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॉडकास्टकार रणवीर अलाहाबादिया यांच्याविरुद्ध महाराष्ट्र सायबर विभागाने चौकशी आरंभिली, ती एका विनोदी कार्यक्रमात त्यांनी स्पर्धकाला विचारलेल्या अश्लील प्रश्नाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण दिले, पण त्यांच्या भाषेवर कठोर ताशेरे ओढून कार्यक्रम प्रसारित करण्यास मनाई केली. ३ मार्च रोजी सभ्यतेच्या अटीवर ती शिथिल झाली. येथे एक विसंगती नजरेस येते. अश्लील प्रश्नाने समाज तत्काळ खवळतो; असत्य पूर्वगृहीत असलेला प्रश्न मात्र जिज्ञासा म्हणून सहज खपून जातो. पहिल्याने कान विटतात, दुसऱ्याने एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

हे अतिशयोक्तीचे वाटू नये. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी गोळीबारात मारले गेले. अ‍ॅलेक्स जोन्स यांनी आकाशवाणी, संकेतस्थळ आणि पॉडकास्ट या मार्गांनी ही घटनाच बनाव असल्याचा प्रचार वर्षानुवर्षे केला. मुले गमावलेल्या आईबापांना ‘तुम्ही नट आहात’ असे अनोळखी माणसांनी सुनावले, धमक्या दिल्या. २०१७ मधील एका दूरचित्रवाणी-मुलाखतीत जोन्स यांनी आपण सर्व बाजू तपासून पाहत होतो, असा पवित्रा घेतला. न्यायालयाने मागितलेली कागदपत्रे त्यांनी दिली नाहीत, म्हणून त्यांचे उत्तरदायित्व सुनावणीवाचून निश्चित झाले. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६.५ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. घटनेला तेव्हा जवळजवळ १० वर्षे लोटली होती. न्याय मिळाला, पण मधली वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

७

यावरून भाषणावर बंदी घालावी असा निष्कर्ष निघत नाही. बंदीने चुकीचे विधान खोडले जात नाही. ते केवळ दुसरीकडे जाते आणि जाताना हौतात्म्याचे वलय घेऊन जाते. निघतो तो निष्कर्ष असा की, स्वातंत्र्य आणि जबाबदारी ही एका तराजूची दोन पारडी नव्हेत. बोलण्याचा हक्क हा राज्यसंस्थेविरुद्धचा हक्क आहे. बोललेल्याबद्दल जाब देण्याचे कर्तव्य श्रोत्यांप्रत आणि ज्यांच्याविषयी बोलले गेले त्यांच्याप्रत आहे. एक वाढविल्याने दुसरे घटण्याचे कारण नाही.

हे कर्तव्य पार पाडण्याची साधने संभाषणातच उपलब्ध आहेत. अमेरिकेत १९४९ पासून १९८७ पर्यंत आकाशवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांच्या भिन्न बाजू मांडण्याचे बंधन होते. लहरींची संख्या मर्यादित, हा त्याचा आधार होता. पॉडकास्टला तो लागू होत नाही. पण श्रोत्याचा वेळ मर्यादितच आहे, आणि खंडन पुढच्या भागात आले तर ते ऐकणारा श्रोता तोच असेल याची शाश्वती नसते. म्हणून प्रतिप्रश्न त्याच बैठकीत व्हावयास हवा : हे आपणास कशावरून कळले? याच्या विरुद्ध पुरावा कोणता आहे? आपले म्हणणे चुकीचे ठरावे, असे काय आढळले पाहिजे? हेही प्रश्नच आहेत. ज्याला ‘मी केवळ प्रश्न विचारतो’ असे म्हणावयाचे आहे, त्याने हे प्रश्न विचारले की नाहीत, एवढे तपासले तरी तो जिज्ञासू आहे की झीलकरी, याचा निर्णय करता येतो.