पाळीव ससा चावतो तेव्हा

भित्रेपणाचे उदाहरण म्हणून आपण सशाकडे बोट दाखवतो. म्हणूनच घरचा ससा मुलाच्या बोटाला कडकडून चावला की घरात घबराट होते. ससा पिसाळला, असा निष्कर्ष कोणी काढतो, तर कोणी त्याला बदडतो. दोन्ही चूक आहे.

ससा का चावतो?

बहुतेक वेळा भीतीमुळे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे नाकाच्या अगदी समोरचे त्याला दिसत नाही. समोरून अचानक हात आला की तो बिचकतो. पिंजरा ही त्याची हद्द असते, तिच्यात हात घातलेला त्याला खपत नाही. चार ते सहा महिन्यांचा झाल्यावर नर हद्दीसाठी भांडू लागतो. गाभण मादी पिलांसाठी जागा राखते. सशाचे दात जन्मभर वाढतात. चघळायला गवत नसेल तर ते वाकडे वाढून दुखतात आणि ससा चिडका होतो. आपल्या भंडाऱ्याच्या मे महिन्यातील उकाडाही त्याला सोसत नाही. कान मागे पाडणे, मागचा पाय आपटणे, गुरगुरणे या खुणा चावण्यापूर्वीच्या आहेत.

काय करावे?

१) कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली द्यावा.
२) खाऊ दिल्यावर हात धुवावेत. बोटाला वास राहिला तर ससा त्यालाच खाऊ समजतो.
३) ससा बाहेर काढूनच पिंजरा साफ करावा.
४) वाळलेले गवत नेहमी समोर असावे. पिंजरा सावलीत ठेवावा.
५) मारू नये. मारल्याने भीती वाढते व चावणेही वाढते.
६) शांत ससा एकाएकी चावू लागला तर पशुवैद्यकाला दाखवावे. नराचे खच्चीकरण केल्यास आक्रमकपणा बराच कमी होतो.

जखम झाल्यास

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. मग जंतुनाशक औषध लावून डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील. जखम लाल होऊन सुजली, ठणकली, पू झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात बंदिस्त वाढलेल्या सशापासून रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. मात्र त्या सशाला कुत्रा, मांजर वा मुंगूस चावले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. रेबीज एकदा झाला की उपचार जवळजवळ व्यर्थ ठरतात, म्हणून शंका लपवू नये.

शेवटी एक सूचना. धानाच्या बांध्यांत किंवा जंगलालगत सापडलेले रानसशाचे पिलू घरी आणू नये. तो वेगळ्या जातीचा प्राणी असून माणसाळत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पिलू एकटे दिसले म्हणजे ते अनाथ असते असे नाही. आई त्याला दिवसा लपवून ठेवते व पाजण्यासाठी परत येते.